उभं राहायचं बटण

पडवीतली बाज रिकामी होती, आणि बाजेवर आबांचा मोबाइल उताणा पडला होता.

हर्षाली नारायणगावहून आली ती सासऱ्यांच्या गुडघ्याचं औषध हातात घेऊनच. फाट्यावर जीप सोडली आणि वस्तीपर्यंत ती जवळजवळ धावत आली. आज दिवस मावळायच्या आत घरात असायला हवं, हे सगळ्या बोरी गावाला ठाऊक होतं. बाज रिकामी दिसली तेव्हा तिला काही वाटलं नाही. मोबाइल दिसला आणि ती थबकली. सासूबाई गेल्यापासून हा माणूस आणि तो मोबाइल एकमेकांपासून सुटलेले तिनं पाहिले नव्हते. परसाकडं जातानाही आबा तो बंडीच्या खिशात घालून न्यायचे. "आबा, तिथं तरी एकटं बसा," म्हणून तिचा नवरा सुदर्शन बापाची थट्टा करायचा.

मोबाइलचा पडदा उजळलेला होता. आबांना तो सारखा उघडायला जमत नाही, म्हणून विझू नये अशी सोय तिनंच करून दिली होती. पडद्यावर तिनंच रंगवलेली बिबट्याची मादी जबडा वासून उभी होती. खाली तिनंच लिहिलेली अक्षरं होती. खेळ संपला. पुन्हा?

"आबा?" तिनं हाक मारली. न्हाणीघर पाहिलं, मागचा गोठा पाहिला. गोठ्यात आता गाय नव्हती, नुसता खुंटा होता. "आबा, ओ द्या हो!"

समोरच्या घराचं दार बंद होतं, पण खिडकी किलकिली झाली आणि कुशाबाईंचं तोंड दिसलं. "आगं हर्षा, आबा गेलं की खाली. मघाशीच."

"खाली कुठं?"

"वढ्याकडं. हातात इळा आन बगलंत पोतं. मी वरडले हितनं, आबा, आज कुटं निघालं? तर म्हनलं, गवत काडून आनतो. म्हनलं, आवो, गाय इकून वरीस झालं, गवत काय तुमी खाताय? तर निस्तं हसलं."

हर्षाली घरात वळली. दाराच्या मागं दोन खिळे होते. एकावर कोयता नेहमीसारखा लटकत होता. तो पाहून तिला क्षणभर हायसं वाटलं. म्हणजे आबा मारायला गेलेले नाहीत. मग तिची नजर दुसऱ्या खिळ्यावर गेली. तो मोकळा होता. त्या खिळ्यावर सासूबाईंचा, चिमाबाईंचा विळा असायचा, आणि ओढ्याकाठी त्या गेल्या त्या दिवसापासून त्याला कुणी हात लावला नव्हता.

चिमाबाईंना बिबट्यानं नेलं त्याला दुसरं वर्ष सरत आलं होतं. ओढ्याच्या बांधावर त्या गाईसाठी गवत काढत बसल्या होत्या आणि आबा पन्नासेक पावलांवर पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या पायरीवर बसले होते. आबांना काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. मागं वळून पाहिलं तर गवताचा ढीग होता, विळा होता आणि बाई नव्हती.

आणि आज त्याच ओढ्याकाठी, शेजारच्या दादाभाऊंच्या उसात, तोडणीच्या टोळीला सकाळी पाचटाखाली दोन पिल्लं सापडली होती. नुकते डोळे उघडलेली. वनखात्याची माणसं आली, त्यांनी पिल्लं तपासली, टोमॅटोच्या लाल क्रेटमध्ये ठेवली आणि जिथं सापडली तिथंच क्रेट ठेवून, वर दुसरं क्रेट सैल झाकून निघून गेली. टोळी तोड अर्धी टाकून गावात गेली. आई अंधार पडता पडता येईल, पिल्लं उचलून नेईल, तोवर त्या बाजूला चिटपाखरू फिरकता कामा नये, असं वनरक्षकानं दारोदारी सांगितलं होतं. आबांनीही ते ऐकलं होतं. दुपारी निघताना हर्षालीनं त्यांना बजावलंही होतं.

"आज पडवी सोडायची नाही, आबा."

"कुटं जातोय मी? गुडघं हायत का मला?" ते म्हणाले होते आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं.

बिबट्या कधी येईल, कुठं येईल, याचा नेम नसतो. आज नेम होता. दोन वर्षांत असा एक दिवस आला होता आणि आबांनी तो हेरला होता.

तिनं सुदर्शनला फोन लावला. तो नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या लिलावात उभा असणार; घंटी वाजून वाजून थांबली. मग वनरक्षकाला लावला.

"मॅडम, आम्ही कॅनॉलच्या पुलावर थांबलोय. गाडी जवळ आणली तर मादी येत नाही."

"माझे सासरे तिथं आहेत. क्रेटजवळ."

पलीकडं एकदम गडबड उडाली. मग तो कुणाला तरी ओरडून काही बोलला. "निघतो. पण रस्ता फिरून आहे, वेळ लागंल. तुम्ही जाऊ नका. मॅडम, ऐका, तुम्ही अजिबात..."

तिनं फोन ओढणीच्या गाठीत खोचला आणि ओसरीवरचं पितळी ताट आणि पळी उचलली. आवाज करायला काहीतरी हवं, एवढंच त्या वेळी सुचलं.

कुशाबाई खिडकीतून जवळजवळ बाहेर आल्या. "हर्षा, खुळी का काय तू? येक जीव गेला तो गेला! सासू खाल्ली तिचा खेळ मांडलास, आता सोता जाऊन पुरा करतीस व्हय? माघारी फिर!"

हा टोमणा नवा नव्हता. भावकीतल्या लग्नात पंगतीला बसल्या बसल्या बायकांनी तो तिला ऐकवला होता. सासूला खाल्लं त्या जनावराचा सुनेनं पोरांसाठी खेळ केला. तेव्हा ती मान खाली घालून जेवली होती. आता ती उताराची वाट धरून पळत सुटली.

टोमणा खोटाही नव्हता. खेळ तिनंच केला होता. प्राणिशास्त्र शिकून ती पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी शाळकरी मुलांचे मोबाइल गेम तयार करायची, घरी बसून. चिमाबाई गेल्यावर दारात येणारा जो तो एकच विचारायचा, मादी कशी आली, कुठून आली. तिच्या डोक्यात दुसरंच घोळत राहिलं. उभ्या माणसाच्या वाटेला बिबट्या सहसा जात नाही. उकिडवा बसलेला, वाकलेला माणूस त्याला शेळीएवढा दिसतो. सासूबाई उभ्या असत्या तर? एवढी एक गोष्ट पोरांच्या अंगात मुरावी म्हणून तिनं गेम लिहायला घेतला. उसाच्या वाटेनं शाळेतून घरी यायचं, बांधावर वाकून बोरं वेचायची, गवत हललं की एक मोठं हिरवं बटण दाबायचं. उभं राहा. सगळा खेळ त्या एका बटणावर तोललेला होता.

पुण्याच्या साहेबांनी तो पाहिला आणि म्हणाले, "छान आहे. पण व्हिलन कुठाय? व्हिलन नसला की पोरं दोन मिनिटांत गेम बंद करतात."

मग मादीची व्हिलन झाली. खरी असते त्याच्या दुप्पट अंगाची, पिवळ्या जळत्या डोळ्यांची, आणि ती यायच्या आधी ढोलावर कुणी मुठी आपटतंय असं संगीत. शेवटी तिला मारूया, असंही साहेब म्हणत होते. तिथं मात्र हर्षाली अडून बसली. ओझरच्या देवानं विघ्नासुराला मारलं नाही, शरण आला तेव्हा त्याचंच नाव आपल्या नावात घेतलं, असं ती म्हणाली. बैठकीत हशा झाला, पण तिचं चाललं. शेवटच्या पातळीत पोरांनी पिल्लू जागेवर ठेवायचं आणि मागं सरायचं, की मादीचा राग उतरतो आणि ती निघून जाते.

वस्तीवरची पोरं आबांच्या बाजेवर बसूनच तो खेळायची. आबा मान वाकडी करून बघायचे. एके दिवशी जेवताना म्हणाले, "मला येक येगळा करून दे. पोरांचा नको. निस्ती ती आन मी."

भाकरी वाढता वाढता हर्षालीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि तिला वाटलं, आपल्याला कळलं. बायको नेलेल्या माणसाला दुसरं काय हवं असणार? म्हणून तिनं शाळेतल्या खेळात जे होऊ दिलं नव्हतं ते आबांसाठी केलं. एक बांध, एक गवत काढत बसलेला माणूस, मागून येणारी मादी, आणि माणसाच्या हाताशी काठी. आबांचा अंगठा जन्मभराच्या कामानं खरखरीत झालेला, पडद्याला तो नीट कळायचा नाही. दोन बटणं असली की घोटाळा व्हायचा. मग तिनं एकच बटण ठेवलं, काठीचं. ते दाबलं की माणूस आपोआप उठून फटका मारणार होता, मग उठायचं बटण वेगळं कशाला? तिनं ते काढून टाकलं.

आबा रोज हरायचे. ती स्वयंपाकघरातून बघायची. मादी यायची, आबांचा अंगठा पडद्याच्या कडेला तसाच राहायचा, खेळ संपायचा. पुन्हा. पुन्हा. तिला भडभडून यायचं. मग आबा झोपले की ती मादीचं बळ थोडं कमी करून ठेवायची. तरी आबा हरले. मग तिनं वेग कमी केला. मग आणखी.

"काय केलंस तिला?" आबा एकदा चिडून म्हणाले होते. "म्हशीवानी येती आता. पयली व्हती तशी सोड."

म्हाताऱ्याचा ताठा, असं तिला वाटलं होतं. तिनं हो म्हटलं आणि गुपचूप आणखी थोडं कमी केलं.

आता उताराच्या वाटेवर, पायातली चप्पल एका ढेकळात अडकून मागं राहिली तेव्हा, तिला एकदम तो अंगठा डोळ्यांसमोर दिसला. पडद्याच्या कडेला ठेवलेला, अजिबात न थरथरणारा. आबांचा नेम चुकत नव्हता. आबा बटण दाबतच नव्हते. ते नुसते बसून राहत होते, ती येईपर्यंत.

मोटारीच्या खोलीच्या दाराला आबांची काठी टेकवून ठेवलेली होती. अगदी नीट, उभी.  या काठीशिवाय आबा चालू शकत, हळूहळू का होईना. पण काठीशिवाय जमिनीवरून उठू शकत नसत. घरात ते खाली बसलेच तर बाजेचा पाय धरून उठायचे. म्हणजे पुढं जाऊन बसायचं आणि उठायचं नाही, हे त्यांनी इथं या पायरीपाशीच ठरवलं होतं.

ते ओढ्याच्या बांधावर होते. तिथंच. उकिडवे बसले होते, पाठ दादाभाऊंच्या रानाकडं करून, आणि मूठ मूठ गवत कापून डाव्या हाताला ठेवत होते. चिमाबाई डाव्या हाताला ठेवायच्या. बांधापलीकडं तोडलेलं रान मोकळं पडलं होतं, पाचट पिवळं दिसत होतं, मधोमध लाल क्रेट. त्यातून बारीक, मांजराच्या पिलासारखं रडणं येत होतं. क्रेटच्या मागं न तोडलेल्या उसाचा पट्टा होता आणि त्यात आत्ताच अंधार भरला होता.

"आबा."

विळा थांबला नाही. "तू कशाला आलीस?"

"उठा. घरी चला."

"हळू बोल. यील ती आता."

"आबा, पाया पडते तुमच्या. उठा."

"गुडघं उटत न्हाईत, ठावं हाय तुला."

"मग काठी तिकडं का ठेवलीत?"

"तिच्याकडं कुटं व्हती काठी?" आबा म्हणाले. त्यांनी एक मूठ कापली, ढिगावर ठेवली. "तू जा हर्षाली. तुजं काम न्हाई हे."

ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली, तोंड उसाकडं करून. ताट छातीशी धरलं होतं. वाजवावं का? पिल्लं जवळ असताना आवाज केला तर ती पळेल की अंगावर येईल? पुस्तकात दोन्ही लिहिलेलं होतं. तिनं वाजवलं नाही.

"काय बघायचंय तुम्हाला?" तिनं विचारलं. "सांगा तरी मला."

विळा थांबला. आबांनी विळ्याच्या टोकानं समोर मोटारीच्या खोलीकडं दाखवलं. "मी तितं व्हतो. पायरीव. लेकीचा फोन व्हता, नातीनं कायतरी बोबडं म्हनलं आन मी हसत व्हतो. हितनं तितं किती? कासरा दोन कासरा. पोलिसांनी इचारलं, पेपरवाल्यानं इचारलं. तिच्या भावानं माजी गचांडी धरली, म्हनला, दाजी, तुमी तितं आन तुमाला कळलं न्हाई? काय सांगू मी त्याला?" त्यांचा आवाज चढला नाही, फक्त खरवडल्यासारखा झाला. "तिनं हाक मारली आसंल, पोरी. हाक मारली आसंल आन मी हसत आसन. हितं बसल्याव कानावर काय येतं, पाचट वाजतं का, कळतं का मानसाला, येवडं बगायचंय मला. तेवडं कळू दे. मंग न्हेऊ दे."

"म्हणून मोबाइलमध्ये नुसतं बसून राहायचात?"

"बसलो की. लई बसलो. पन तू तिची म्हस केलीस. आन तिच्याआदी ते वाजाप लावलंस. आदी वाजाप, मंग ती. खरी काय वाजाप लावून येती व्हय?"

हर्षालीला रडू फुटलं. तिनं ते दातांखाली दाबलं. "आबा, त्यांनी हाक मारली नव्हती."

"तुला काय ठावं?"

"डॉक्टर म्हणाले होते मला. घाव मानेवर होता, मागून, एकच. श्वासनळी पहिल्याच झटक्याला मिटते. हाक मारायला श्वासच राहत नाही. त्यांना कळलंसुद्धा नसेल."

 क्रेटमधलं रडणं वाढलं होतं.

"खरं सांगतीस, का खेळातलं?"

"खरं."

"मंग आदी का न्हाई सांगितलंस? दोन वर्सं व्हत आली."

"तुम्हाला सोसणार नाही असं वाटलं."

"मला काय सोसंल आन काय न्हाई," आबा म्हणाले, "ते बी तूच कमीजास्त करतीस."

 ओढ्याच्या पलीकडून टिटवी ओरडत उठली. लगेच क्रेटमधली पिल्लं गप्प झाली. दोन्ही, एकदम, कुणी हात ठेवल्यासारखी.

ती उसाच्या कडेला बसलेली होती. कधी आली ते हर्षालीला दिसलं नाही. हर्षाली टक लावून तिकडंच बघत होती, तरी दिसलं नाही. आधी पट्ट्यात अंधार होता आणि मग त्या अंधाराला कान होते. केवढीशी होती. हर्षालीनं रंगवलेल्या मादीच्या निम्मीही नव्हती. पोट खपाटीला गेलेलं, दिवसभर पाजलेलं नसल्यानं आचळं ताठलेली. डोळे जळतबिळत नव्हते. ते फक्त या दोघांवर खिळलेले होते, एका उभ्यावर आणि एका बसलेल्यावर. मग ते उभीवरून सरकले आणि बसलेल्यावर राहिले.

"हाय का?" आबांनी अगदी हळू विचारलं. त्यांनी मान वळवली नाही.

"आहे."

"कुटं?"

"तुमच्या मागं."

आबांनी विळा खाली ठेवला. त्यांची पाठ ताठ झाली. ते ऐकत होते. सगळं अंग कान करून ऐकत होते.

हर्षालीला कळत होतं की आत्ता त्यांना उचललं पाहिजे. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की उचलायचं तर वाकावं लागेल. ती वाकली की बांधावर उभं कुणीच राहणार नाही. दोन शेळ्या. शाळेतल्या पोरांना तिनं हजारदा सांगितलं होतं, उभं राहा. पण शेजारी न उठणारं माणूस असलं तर काय करायचं, ते त्या खेळात कुठंच नव्हतं. तिनं ते कधी लिहिलंच नव्हतं.

मादी उठली. पोट जमिनीला लागेल इतकं खाली घेऊन ती दोन पावलं पुढं आली. पाचटावरून. आवाज झाला नाही.

"आबा, मी वाकू शकत नाही," हर्षाली म्हणाली. ओठ नीट हलत नव्हते. "मी वाकले तर ती येईल. मी खांबासारखी उभी राहते. मला धरा आणि उठा."

"तू जा. मागल्या पावली जा. तुला न्हाई करायची काय ती."

"मी जाणार नाही."

"तुला कशापायी मरायचंय?"

"मला नाही मरायचं!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "मला नाही मरायचं, आबा. मला लई भ्या वाटतंय."

असं ती या घरात कधी बोलली नव्हती. ना असे शब्द, ना असा आवाज. आबांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. तिच्या सलवारीचा पाय थडथड उडत होता आणि त्याच्याबरोबर ताटावरची पळी बारीक किणकिणत होती. पाहणारा म्हातारा खालून पाहत होता, लहान पोरानं मोठ्या माणसाकडं पाहावं तसा.

मग त्यांचा हात वर आला. खरखरीत पंजानं तिचं मनगट नाही, तिची कंबरेची ओढणी धरली. ओढणीची गाठ आवळली, पोटात रुतली. ती हलली नाही. दुसरा हात तिच्या कोपरावर आला. आबांच्या गुडघ्यातून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला, ते अर्धे उठले आणि तसेच लोंबकळत राहिले. सगळा भार तिच्यावर आला. पाय मातीत रोवून ती ताठ उभी राहिली, डोळे मादीच्या डोळ्यांत, आणि मनात एकच चाललं होतं, वाकायचं नाही, वाकायचं नाही.

"आई गं," आबा कण्हले आणि उभे राहिले.

उभे राहून ते वळले, तिच्या खांद्याला धरून, आणि त्यांनी पहिल्यांदा मादीला पाहिलं.

मादी थांबली. तिचं डोकं किंचित वर झालं. आत्तापर्यंत समोर एक उभं होतं, आता दोन होती. आबांची टोपी बांधावर पडली होती, पांढरे केस वाऱ्यावर उडत होते. कुणीच काही केलं नाही. मग क्रेटमधलं एक पिल्लू भुकेनं ओरडलं आणि मादीचा कान तिकडं वळला.

"मागं," हर्षाली कुजबुजली. "पाठ नाही दाखवायची. मागच्या मागं चला."

मागच्या मागं, एकमेकांना धरून, एकेक पाऊल. आबांचा पाय उचलत नव्हता, ते तो ओढत होते. काठी पार मोटारीच्या खोलीपाशी. मधे एक बाभळ होती. बाभळीपर्यंत ती दोघं आली आणि आबांची पाठ खोडाला टेकली. तिथून पुढं त्यांना जाता येईना.

मादी क्रेटपाशी गेली होती. तिनं वरचं क्रेट पंज्यानं उलथवलं, आत तोंड घातलं. एक पिल्लू उचललं. जबड्यात त्याची मान धरली होती, आणि ते पिल्लू पाय पोटाशी घेऊन, गप्प, सैल लोंबकळत होतं, जसं काही त्याला झोप लागली आहे.

"मानंलाच धरती," आबा म्हणाले.

हर्षालीनं त्यांचा दंड घट्ट धरला.

मादी पिल्लू घेऊन पाचटावरून चालत गेली. सबंध मोकळ्या रानातून, सुक्या पानांच्या ढिगांवरून, ज्यावरून उंदीर पळाला तरी खसफस व्हावी. आबा तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होते. उसाच्या पट्ट्यात ती शिरली आणि अंधार मिटला.

"काय वाजलं न्हाई," आबा म्हणाले. "तुला आलं का काय ऐकू?"

"नाही, आबा."

"तुजं कान तरनं हायत. तुला बी न्हाई?"

"नाही आलं."

आबांच्या घशातून एक आवाज निघाला, रडण्याचा की खोकल्याचा कळलं नाही. त्यांचे गुडघे थरथरायला लागले होते. बाभळीच्या खोडावरून पाठ हळूहळू खाली घसरत होती.

"बसू दे मला आता वाईच."

"नाही."

"पोरी, न्हाई ऱ्हावत हुबं. बसू दे."

"बसायचं नाही, आबा. दुसरं अजून क्रेटमध्ये आहे. ती परत येणार आहे."

क्रेटमधलं दुसरं पिल्लू एकटं पडल्यावर जोरानं ओरडत होतं. लांब कॅनॉलच्या रस्त्यावर गाडीचे दिवे दिसले, वळणावर गेले, पुन्हा दिसले. ताट कुठंतरी बांधावरच राहिलं होतं. हर्षालीनं आपला खांदा आबांच्या काखेत घातला, पाय फाकवून त्यांचा भार अंगावर घेतला आणि उसाच्या पट्ट्यावरून नजर हलू दिली नाही. आबांचा खरखरीत अंगठा तिच्या दंडात रुतला होता, इतका जोरात की कळ मस्तकात जात होती.

"धरून ठेवा, आबा," ती म्हणाली.

"धरलंय," आबा म्हणाले. "तू वाकू नगंस."